दोन दिवसांत बसणारी कवळी

म्हातारपण शिकवायला मला डेंटल कॉलेजात बोलावलं आहे, ही बातमी मी घरात सांगितली तेव्हा सुनंदा, म्हणजे माझी बायको, मेथी निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "आमच्या वेळी सायन्सच्या पोरांना बेडूक देत असत."

मी दुर्लक्ष केलं. कशेळ्याच्या शाळेत छत्तीस वर्षं मास्तरकी केल्यावर माणसाला दुर्लक्ष करण्याची उत्तम सवय लागते. शिवाय आमंत्रण लेखी होतं आणि त्यावर माझ्या नावापुढे 'ज्येष्ठ शिक्षणतज्ज्ञ' असं छापलेलं होतं. हे मी सुनंदाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "ज्येष्ठपर्यंत बरोबर आहे."

आमच्या शेजारी बद्रुद्दीन राहतो. कर्जतात त्याचं टाइल्स आणि नळाच्या सामानाचं दुकान आहे. त्याची नात तस्लीम खालापूरच्या बाजूला डेंटल कॉलेजात शेवटच्या वर्षाला. तिथे एक नवीन विभागप्रमुख मॅडम आल्या होत्या. त्यांचं म्हणणं, पोरं दात बघतात, दाताभोवतीचा म्हातारा बघतच नाहीत. म्हणून त्यांनी ठरवलं, प्रत्येक विद्यार्थ्याने एक ज्येष्ठ माणूस घ्यायचा आणि पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत त्याला सांभाळायचं. जो मध्येच सोडेल त्याची टर्म गेली. आणि या सगळ्याच्या आधी एखाद्या ज्येष्ठाने वर्गात येऊन चार शब्द सांगायचे. तस्लीमने आधी आजोबांनाच विचारलं होतं. बद्रुद्दीन म्हणाला, "मी कशाला? म्हातारा शेजारी राहतो." तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा आहे.

मी बावीस पानांचं भाषण लिहिलं. शीर्षक, 'वार्धक्य : एक चिंतन'. आळीत बातमी पसरली आणि सल्ले सुरू झाले. कुणी म्हणालं धोतर नेसा, म्हणजे विषयाला शोभेल. कुणी म्हणालं आठवडाभर केसांना काळं लावू नका, पोरांचा गैरसमज होईल. मी गेली नऊ वर्षं केसांना फक्त मेंदी लावतो, हे मी तिथल्या तिथे स्पष्ट केलं.

कॉलेजात पोचलो तर जिन्यावर वेगळंच दृश्य. वीस-बावीस वर्षांची पोरं कानात कापूस कोंबून, तेल फासलेले चष्मे लावून, बुटात हरभरे घालून जिना चढत होती. म्हातारपण कसं वाटतं ते कळावं म्हणून. त्यातल्या एकाने येऊन माझा हात घट्ट धरला. इतक्या वर्षांनी कुणीतरी गुरुजनांचा मान ठेवला म्हणून मला भरून आलं. मग कळलं, तो कठडा शोधत होता.

चौथ्या पानापर्यंत मी पोचलो असेन, तेवढ्यात मॅडमनी हळूच विचारलं, "सर, तुमची कवळी आहे ना? सवय व्हायला किती दिवस लागले?"

आता खरं सांगायचं तर माझी कवळी मला कधी बसलीच नाही. वरची निदान समारंभापुरती राहते. खालची तर करवतीसारखी लागते. त्यामुळे सहा वर्षं दोन्ही स्टीलच्या डबीत असतात आणि आमच्याकडे पाहुणे आल्यावर जशी नवी चादर निघते तशा त्या लग्न, मुंज आणि भाषणाला निघतात. घरी मी मऊ भात खातो आणि सात्त्विक आहार म्हणून सांगतो. पण समोर साठ पोरं वही उघडून बसलेली, पाठीमागे फळ्यावर माझं नाव. मी म्हणालो, "दोन दिवस."

टाळ्या पडल्या. पोरांनी लिहून घेतलं. मलाही त्या क्षणी ते पटलं.

परतताना तस्लीम म्हणाली की तिला अजून ज्येष्ठ मिळालेला नाही. आजोबांचा उपयोग नाही, कारण बद्रुद्दीनचे तीस दात शाबूत आहेत आणि तो उगाचच लोकांसमोर सुपारी फोडतो. मी जाहीर केलं, "माझ्यावर सोड." या दोन शब्दांनी माझं आयुष्यात जेवढं नुकसान केलं आहे तेवढं कुणी माणसाने केलं नसेल.

माझा जुना विद्यार्थी जैतू कशेळ्याच्या रस्त्यावर वडापची जीप चालवतो. त्याची आई कोंडी डोंगरावरच्या वाडीत राहते. तोंडात एकही दात नाही. तस्लीमला घेऊन मी गेलो. कोंडीबाई ओट्यावर वाल सोलत बसल्या होत्या. तस्लीमने फॉर्म काढला. पहिला रकाना, मुख्य तक्रार.

"चावता येत नाही," मी सांगितलं.

"आजोबा, मी त्यांना विचारलं," तस्लीम म्हणाली.

"अगं, मी ओळखतो ना त्यांना. चावताच येत नाही."

कोंडीबाईंनी वालाचा एक दाणा तोंडात टाकला, हिरड्यांनी दोनदा दाबला, सालपट बाहेर काढलं आणि दाणा गिळला. "खायाला माजी हिरडी बास हाय," त्या म्हणाल्या. "मला गायाला दात होवं."

आमच्या भागातल्या वाड्यांवर लग्नाला भटजी नसला तरी चालतं, धवलेरी लागते. ती धवले, म्हणजे लग्नाची गाणी म्हणते, त्यावर हळद लागते, त्यावर लग्न लागतं. कोंडीबाई चाळीस वर्षं आसपासच्या वाड्यांच्या धवलेरी. पण दात गेले आणि शब्दांची नुसती हवा व्हायला लागली. गेल्या वर्षी एका लग्नात पोरं हसली. पुढच्या दोन लग्नांना बोलावणंच आलं नाही, डीजे आला. आता वैशाखात त्यांच्या नातीचं, जैतूच्या हिरूचं लग्न होतं.

"माज्या हिरूला डब्यानं हळद लावायची काय?" कोंडीबाईंनी विचारलं. डबा म्हणजे स्पीकर.

फॉर्मवर चावणे, दिसणे, दुखणे आणि इतर असे चार चौकोन होते. 'इतर'पुढे जागा अर्धा इंच. तस्लीमने कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला सगळं लिहून घेतलं. मी बाजूला उभा होतो. मला कुणी काही विचारलं नाही.

इथून कागदपत्रांचा अध्याय सुरू झाला. मॅडमची ही योजना साठ वर्षांवरच्यांसाठी. कोंडीबाईंच्या आधार कार्डावर जन्म एक जानेवारी एकोणीसशे त्र्याहत्तर. कॉलेजातला क्लार्क म्हणाला, "या बावन्न वर्षांच्या आहेत. तरुण आहेत." कोंडीबाई लाजल्या. मी म्हणालो, अहो, यांचा मुलगा अठ्ठेचाळीसचा आहे. तो म्हणाला, असेल, पण वयाचा दाखला आणा.

दाखल्यासाठी सरकारी दवाखान्यात गेलो. तिथले डॉक्टर सज्जन होते. म्हणाले, वयाचा अंदाज दातांवरून घेतात, तोंड उघडा. कोंडीबाईंनी उघडलं. डॉक्टरांनी बॅटरी मारून आत बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "दात असते तर सांगितलं असतं." म्हणजे दात हवेत तर दाखला पाहिजे, आणि दाखला हवा तर दात पाहिजेत. कोंडीबाईंना हे सगळं पटल्यासारखं दिसलं. त्यांचा सरकारशी माझ्यापेक्षा जुना परिचय आहे.

शेवटी मला माझ्याच शाळेचं रजिस्टर आठवलं. जैतूचा दाखला काढला. जन्म एक जून एकोणीसशे सत्त्याहत्तर, खाली माझं अक्षर. क्लार्कने दोन्ही कागद शेजारी ठेवले. आई मुलापेक्षा चार वर्षांनी मोठी. त्याने अर्धा तास विचार केला आणि लिहिलं, 'आई मुलापेक्षा किमान अठरा वर्षांनी मोठी असते असे गृहीत धरून वय सहासष्ट.' शिक्का मारला. आता इथे एक गुपित सांगायचं तर नाव घालायला आलेल्या प्रत्येक पोराला एक जून मीच देत असे, आणि वर्ष पोराची उंची बघून टाकत असे. जैतू लहानपणी फार बुटका होता. त्यामुळे त्याचंही वय दोन-चार वर्षं चुकलं असणार, पण ते मी क्लार्कला सांगत बसलो नाही.

पुढे पाच वेळा खालापूरला जाणं झालं. बद्रुद्दीनने मोठ्या मनाने टेंपो दिला. पुढे ड्रायव्हरजवळ एकच जागा, तिथे कोंडीबाई. मागे सामान आणि मी. दुसऱ्या खेपेला सामानात फक्त एक पांढरा कमोड होता, आणि बसायला दुसरं काही नव्हतं. सिग्नलला शेजारी मोटरसायकलवर माझे दोन माजी विद्यार्थी थांबले. "नमस्कार सर," म्हणाले. मी बसल्या जागेवरूनच हात वर केला.

मापं झाली, मेणाची कवळी झाली. दातांची फट तपासायला पेशंटला साठपासून सत्तरपर्यंत मोजायला लावतात, म्हणजे 'स' नीट येतो का ते कळतं. कोंडीबाई म्हणाल्या, मला साठ नाय येत, गानं येतं. मग त्यांनी त्या खुर्चीत, डोळ्यांवर दिव्याचा झोत घेऊन धवला म्हटला:

"सुपात सुपारी, सुपारीला साज गं,
सासरच्या शिवंवर हिरू माजी आज गं."

आजूबाजूच्या खुर्च्यांवरचे पेशंट तोंडं उघडी ठेवून ऐकत होते. अर्थात ती आधीपासूनच उघडी होती. तस्लीम प्रत्येक 'स'ला थांबवायची, मेण अर्धा मिलिमीटर खरवडायची आणि म्हणायची, "परत, आजी."

लग्नाला महिना असताना कवळी तयार झाली. तस्लीमने नीट समजावलं. रोज दिवसभर लावायची, रात्री पाण्यात ठेवायची, मोठ्याने बोलायचं, बसायला तीन-चार आठवडे लागतील. कोंडीबाईंनी मान डोलावली. कशेळ्याला उतरल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. "मास्तर, तुमची बसायला किती दिस लागलं?"

आता इथे खरं बोलायला काय हरकत होती? ऐकायला साठ पोरं नव्हती. पण ड्रायव्हर होता, आणि एकदा बोललेला आकडा बदलायचा म्हणजे मास्तरकीला कमीपणा. "दोन दिवस," मी म्हणालो.

लग्नाला दहा दिवस राहिले तेव्हा तस्लीम तपासायला वाडीवर निघाली. मीही सोबत गेलो, श्रेय घ्यायला. "आजी, दात दाखवा." कोंडीबाई आत गेल्या, पत्र्याची पेटी उघडली, लग्नासाठी घेतलेलं नवं लुगडं उलगडलं आणि त्याच्या घडीतून फडक्यात गुंडाळलेली कवळी काढली. हळद-कुंकू लावलेलं होतं. डांबराच्या गोळीचा वास येत होता.

"लावली नाही एकदापण?" तस्लीमचा आवाज चिरकला.

"नवं लुगडं कोन घरात नेसतं काय गं? लग्नाच्या दोन दिस आदी काडनार व्हते."

धुऊन कवळी लावली. कोंडीबाईंनी तोंड उघडलं आणि पहिल्याच 'सुपारी'ला वरची खाली आली. परत लावली. दात एकमेकांवर वाजले. तिसऱ्या वेळी हिरडी दुखून त्यांनी डोळे मिटून घेतले. कवळी हातात घेऊन त्या ओट्यावर बसल्या. जैतू दारात उभा होता. तो चपला घालत म्हणाला, "डीजेवाल्याला सांगून ठेवतो."

"सांग," कोंडीबाई म्हणाल्या. त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही.

"मी रोज लावायला सांगितलं होतं, आजी," तस्लीम रडवेली झाली. तिची टर्म जाणार होती, पण त्या वेळी ती टर्मबद्दल बोलत नव्हती.

"तू सांगितलंस. पन मास्तर बोलले दोन दिस. मास्तरांनी माज्या जैतूला शिकवलं, ते खोटं कशाला बोलतील?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला माझी लाज वाटली. आयुष्यात पुष्कळदा अपमान झाले, ते मी बाहेरच्या माणसांच्या खाती टाकले. हा माझा मीच केला होता. मी ओट्याच्या कडेला बसलो आणि सांगून टाकलं, की माझी कवळी सहा वर्षं डबीत आहे, खालची लागते, मी मऊ भात खातो आणि लोकांना सात्त्विक सांगतो.

मला वाटलं तस्लीम भडकेल. तिने वही काढली. "कुठे लागते? कधीपासून? जेवताना की बोलताना?" मी सांगत गेलो, ती लिहीत गेली. बॅटरी लावून तिने माझी हिरडी पाहिली. "आजोबा, हे दहा मिनिटांचं घासायचं काम आहे. सहा वर्षं?"

"मला कुणी विचारलंच नाही."

"तुम्ही बोलू दिलंत कधी?" तस्लीम म्हणाली, आणि वहीत मागे जाऊन माझ्या व्याख्यानाच्या पानावरचे 'दोन दिवस' खोडले.

कोंडीबाई हे सगळं ऐकत होत्या. त्यांनी कवळी पाण्यात खळबळून पुसली. "मास्तर घालतील तर मी घालीन," त्या म्हणाल्या. "दहा दिस. दोगं संगतीनं." मग जैतूला हाक मारली, "डब्याला सांगू नको रं अजून."

जैतू म्हणाला, "सांगतो, पन डबा वाजंल तो हळद झाल्यावर."

ते दहा दिवस मी विसरणार नाही. सकाळी जैतूची जीप मला वर घेऊन जायची. ओट्यावर आम्ही दोघं कवळ्या लावून समोरासमोर बसायचो आणि धवले म्हणायचो. त्या म्हणायच्या, मी मागून. माझ्या 'स'ची शिट्टी ऐकून वाडीतली कुत्री जमायची. कोंडीबाई मला दम भरायच्या, "जीब टाळूला लावा, मास्तर. पोरांना एवडं बी शिकवलं नाय काय?" तस्लीम एक दिवसाआड संध्याकाळी टेंपोने यायची आणि जिथे लाल झालं असेल तिथे घासून द्यायची. आधी माझं करून दाखवायची, मग त्यांचं. चौथ्या दिवशी दोघांनीही एकदमच कवळ्या काढून हातात घेतल्या आणि समोरच्या डोंगराकडे बघत बसलो. मग कोंडीबाईंनी आपली परत लावली. मलाही लावावी लागली. बद्रुद्दीन रोज कुंपणावरून विचारायचा, "मास्तर, सुपारी देऊ?" सातव्या दिवशी सुनंदाने माझ्या ताटात भाकरी वाढली. मी ती खाल्ली. तिने डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाली, "सहा वर्षं मला वाटायचं, माझ्या हातची चव गेली."

हळदीच्या दिवशी मॅडम स्वतः आल्या. तस्लीमची केस बघायला दुसरा दिवस नव्हता आणि कोंडीबाई नातीचं लग्न सोडून खालापूरला जाणार नव्हत्या. मांडवाच्या कडेला डीजेवाला आपले डबे रचून तयार बसला होता. बायका जमल्या, हिरूला पाटावर बसवली. नवं लुगडं नेसून कोंडीबाई पुढे आल्या. तस्लीमने माझं मनगट धरलं होतं. या वेळी कठडा म्हणून असलं तरी माझी हरकत नव्हती.

पहिली ओळ स्वच्छ आली. सुपात सुपारी. प्रत्येक 'स' जागच्या जागी. दुसऱ्या ओळीला वरची कवळी सरकली, मला दिसलं. कोंडीबाईंनी जिभेने ती वर दाबली आणि तेवढ्यात हळदीचं बोट हिरूच्या कपाळाला लावलं, म्हणजे लोकांना वाटावं की थांबायची जागाच ती. मग त्या थांबल्या नाहीत. अंगणभर शब्द ऐकू येत होते. मागच्या वर्षी हसलेली पोरं मोबाईल वर धरून उभी होती. डीजेवाल्याने विचारलं, माइक देऊ का, तर जैतू त्याला म्हणाला, "गप बस रं." जैतूचे डोळे लाल झाले होते. माझेही झाले होते, पण मी ते चुलीच्या धुरावर ढकलले.

मॅडमनी तस्लीमला विचारलं, "चावता येतं का त्यांना?"

"अजून विचारलं नाही, मॅडम. आज गायचं होतं."

मॅडमनी फॉर्म मागितला. पुढची बाजू न बघता त्यांनी तो उलटा केला, मागचं लिहिलेलं सगळं वाचलं आणि त्याच्याच खाली सही केली.

जेवणाच्या पंगतीत कोंडीबाईंनी तस्लीमला आपल्या शेजारी बसवून घेतलं. "तुजं लगीन कवा गं?"

"अजून पाच-सहा वर्षं तरी नाही, आजी. आधी शिकायचंय पुढे."

"मी येनार गायाला."

"आमच्यात धवले नसतात, आजी."

"तुमच्यात नसले म्हनून काय झालं? मला येतात ना." त्यांनी थोडा विचार केला. "तवर हे दात टिकतील काय?"

"टिकतील. पाच-सहा वर्षं नक्की टिकतील."

कोंडीबाईंनी मनाशी हिशेब केला. "मंग मलाबी टिकाया लागंल," त्या म्हणाल्या, आणि पत्रावळ पुढे सरकवली. "जैतू, भात वाड रं."